खापराला विचारा : इनामगावची माणसे आणि आपली शाळकरी मुले



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत विहाराच्या उभारणीचा इतिहास येतो, दिवंगत कार्यकर्त्यांना आदरांजली येते, धम्मावर भन्तेजींचा लेख येतो. ते सर्व यायलाच पाहिजे, आणि ते लिहिणारी जाणती मंडळी आपल्यात आहेत. आम्ही या पानांवर थोडा वेगळा विषय घेत आहोत. विहाराच्या रविवारच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे म्युझियम पाहायला जातो. या महाराष्ट्राच्या मातीत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी, मडकी घडवणारी, सूत कातणारी जी माणसे राहत होती, त्यांची मुलांना ओळख व्हावी हा त्यामागचा हेतू. ही ओळख आपल्या मुलांना कशासाठी हवी आणि ती कशी करून द्यावी, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही कॉलेजात इतिहास शिकलेलो नाही. गिरणीत पाळ्या करता करता वाचनालयातल्या पुस्तकांवर आमचे शिक्षण झाले. तेव्हा भाषेत पांडित्य सापडणार नाही, पण जे लिहिले आहे ते तपासून लिहिले आहे.

ज्यांचे नाव कुठेच कोरलेले नाही

शाळेच्या पुस्तकात मुलांना इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या असा भेटतो. ज्याच्या नावाचा ताम्रपट, ज्याचे नाणे, ज्याची बखर, त्याचा इतिहास. मग ज्यांना लिहायलाच मिळाले नाही त्यांचे काय? आपल्या आज्या-पणज्यांनी कुठे काय लिहून ठेवले? त्यांनी दळले, कांडले, खडी फोडली, गिरणीत सूत काढले. कागदावर त्यांचा अंगठा तेवढा राहिला, तोही बहुतेक वेळा सावकाराच्या कागदावर.

आपण मुलांना कान्हेरी, कार्ले, सोपारा येथे नेतो ते फार चांगले करतो. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावच्या एका सुताराचेही नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव दगडावर वाचताना पोरांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पण त्याच्याही मागे गेले तर? जेव्हा इथे लिपीच नव्हती, दगडावर कोरायला अक्षरच नव्हते, तेव्हाच्या माणसाला आपण कसे विचारणार, की बाबा रे, तू कोण, खात काय होतास, राहत कुठे होतास?

उत्तर असे, की त्याच्या खापराला विचारायचे. त्याच्या चुलीतल्या राखेला, जळालेल्या दाण्याला, जमिनीत राहिलेल्या खांबाच्या खळग्याला विचारायचे. वस्तूला विचारून इतिहास लिहिण्याची ही विद्या म्हणजे पुरातत्त्व, आणि त्या वस्तू जिथे आपल्याला भेटतात ते घर म्हणजे म्युझियम.

जोर्वे ते इनामगाव

महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या शेतकऱ्यांचा शोध तसा अलीकडचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे या ठिकाणी उत्खनन केले. प्रवरा नदीकाठच्या जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेली चाकावरची मडकी मिळाली. भांडे इतके पक्के भाजलेले, की टिचकी मारली तर धातूसारखे वाजते. पुढे अशीच भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडू लागली, म्हणून त्या सगळ्या संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. दगडाची पाती आणि तांबे दोन्ही वापरणारी ही माणसे, म्हणून त्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. लोखंड अजून यायचे होते. १९५४ ते ५६ या काळात नेवासे खणले गेले, आणि १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर इनामगाव खणले गेले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. त्या कामाचा मोठा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला.

इनामगावला लोक सुमारे ३६०० वर्षांपूर्वी राहायला आले आणि सुमारे २७०० वर्षांपूर्वी गाव ओस पडले. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे ते गाव नांदते होते. एवढ्या पिढ्या एका ठिकाणी राहिल्या, त्यामुळे घरावर घर, जमिनीवर जमीन असे थर साचले. शंभराहून अधिक घरांच्या खुणा तिथे सापडल्या. गहू, जव, तांदूळ, डाळी, वाटाणा, तीळ यांचे दाणे मिळाले. बोरे, आवळे, जांभळे ते खात होते. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा पाळत होते. हरीण, ससा, मासे, कासव, खेकडे यांचेही अवशेष मिळाले. नदीचे पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि बांध घातला होता. हे ऐकल्यावर आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे ही तर आपल्या गावच्यासारखीच माणसं." हेच आम्हाला हवे होते.

काचेपलीकडून हाताकडे

आता मुलांना म्युझियममध्ये कसे न्यायचे, त्याचे सांगतो. आपल्याकडे सहल म्हणजे रांग, शिट्टी, "हात लावू नका", आणि शेवटी भेळ. पोरे एका काचेपुढून दुसऱ्या काचेपुढे ढकलली जातात आणि घरी गेल्यावर विचारले तर भेळ तेवढी आठवते. यात पोरांचा दोष नाही. मूल डोळ्याने शिकते त्याहून जास्त हाताने शिकते. आम्ही साच्यावर काम शिकलो ते पुस्तक वाचून शिकलो काय? जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहून, तुटलेला धागा हाताने सांधून शिकलो.

जगात ही गोष्ट काही लोकांनी फार पूर्वी ओळखली. अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली खास मुलांसाठी पहिले म्युझियम निघाले. आपल्या मुंबईत, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून आपण ज्याला ओळखायचो आणि १९९८ पासून ज्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्याने २०१५ साली बसमधले फिरते म्युझियम सुरू केले आणि २०१९ साली आवारात मुलांचे वेगळे म्युझियम उघडले. कल्पना अशी, की मुलाने नुसते बघू नये. त्याने हात लावावा, करून पाहावे, ओळखावे, चुकावे, पुन्हा विचारावे.

पण महागड्या साधनांवाचून हे होत नाही असे कुणी समजू नये. आमच्या विहारात आम्ही एक युक्ती केली. एक मोठी लाकडी पेटी घेतली. तिच्यात सर्वात खाली काळी माती, वर लाल माती, त्यावर रेती, आणि सर्वात वर साधी धूळमाती असे चार थर घातले. प्रत्येक थरात काही वस्तू पुरल्या. तळाला फुटक्या मडक्याच्या खापऱ्या आणि काचेच्या बांगडीचा तुकडा, त्यावरच्या थरात गिरणीतली लाकडी बॉबिन आणि दहा पैशांचे नाणे, त्याच्यावर घड्याळातला सेल, आणि अगदी वर मोबाइलचे जुने सिमकार्ड. मग मुलांना ब्रश आणि चमचे दिले आणि सांगितले, सावकाश, वरून खाली, आणि कुठली वस्तू कुठल्या थरात मिळाली ते वहीत लिहा. एका तासात पोरांना उमगले, की जे खाली ते आधीचे, जे वर ते नंतरचे. आणि वस्तू जागेवरून उचलून लिहून न ठेवता बाहेर फेकली, की ती मुकी होते.

या खेळात एक गोष्ट अशी घडली की आम्ही मोठी माणसेही गप्प झालो. बॉबिन निघाली. मुले तिला हातात घेऊन फिरवू लागली. एक म्हणाला मेणबत्तीचा स्टँड. दुसरा म्हणाला खेळण्यातला स्टंप. एक मुलगी म्हणाली लाटण्याचा तुकडा. ज्या मुलांच्या आजोबांनी उभी हयात बॉबिनीवर काढली, त्या मुलांना बॉबिन ओळखता आली नाही. पन्नास वर्षेही झाली नाहीत! आम्ही त्यांना रागावलो नाही. आम्ही विचारले, "हिच्या अंगावर काही खुणा आहेत का बघा." एका पोराने बारकाईने पाहिले आणि म्हणाला, "इथं गोल गोल रेघा आहेत, काहीतरी गुंडाळत असतील." बरोबर! खूण पाहिली, तर्क केला, उत्तर मिळाले. पुरातत्त्व म्हणतात ते हेच. आणि त्या दिवशी घरी जाऊन बऱ्याच मुलांनी आजोबांना गिरणीबद्दल पहिल्यांदा विचारले.

नेवाशाचा धागा

या तयारीनंतर आम्ही मुलांना पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नेले. इनामगाव, नेवासे, जोर्वे येथल्या उत्खननाचे भांडार ते आहे. जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकच काम दिले. एक वस्तू निवडायची, तिचे चित्र काढायचे, आणि तिला पाच प्रश्न विचारायचे. तू कशाची बनलीस? तुला कुणी बनवले? कशासाठी वापरले? तुटलीस कशी? तुझ्याबरोबर काय सापडले?

आम्ही सूत काढणारी माणसे, तेव्हा आमची नजर धाग्याकडे. ताम्रपाषाण काळच्या वस्त्यांत टकळीच्या मातीच्या चकत्या सापडतात, मधे भोक असलेल्या. सूत कातताना टकळीला वजन आणि फेर मिळावा म्हणून ती चकती असते. पण प्रत्यक्ष सूत? कापड आणि धागा मातीत कुजतो, वर्षा-दोन वर्षांत जातो. असे असूनही नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि त्या मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष मिळाले. तांब्याला गंज चढतो, त्या गंजाने धागा राखला. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम निघाले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोली येथे अशाच मण्यांत जवसाच्या झाडाच्या तंतूचा धागा मिळाला.

बंधूंनो, याचा अर्थ लक्षात घ्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात, कुणीतरी कापूस कातला. कुणीतरी आपल्या मेलेल्या लेकराच्या गळ्यात माळ घालून त्याला मातीत ठेवले. कातणाऱ्याचे नाव नाही, आईचे नाव नाही, लेकराचे नाव नाही. पण धागा आहे. लिहिता येत नव्हते म्हणून त्यांना इतिहास नव्हता असे कोण म्हणेल?

ही गोष्ट ऐकून परतल्यावर मुलांनी विहारात मातीच्या चकत्या वळल्या, मधे झाडूची काडी खोचली आणि कापूस कातायचा प्रयत्न केला. दहा वेळा धागा तुटला. वीतभर निघाला तेव्हा टाळ्या पडल्या. एक मुलगी म्हणाली, "एका सदऱ्याला किती दिवस लागत असतील?" या एका प्रश्नात श्रमाचे सारे अर्थशास्त्र आले.

पाच खोल्यांचे घर

आता थोड्या कठीण भागाकडे येऊ. इनामगावची माणसे मेलेल्यांना घराच्याच जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यात मूल ठेवत. लहान मुलांची दफने तिथे पुष्कळ मिळाली, यावरून त्या काळी किती लेकरे दगावत असतील ते समजते. मोठ्यांना खड्ड्यात उताणे, उत्तरेला डोके करून ठेवत, आणि सोबत अन्नपाण्याची भांडी ठेवत. एका काळात मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरल्याचे दिसते. मेलेला चालून परत येऊ नये अशी भीती असावी, हा अभ्यासकांचा तर्क आहे.

या सगळ्यांत एक दफन निराळे आहे. चार पायांचे एक मोठे मातीचे रांजण, आणि त्यात मांडी घातलेल्या स्थितीत ठेवलेला एक पुरुष. आणि तो सापडला कुठे? वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. गावातल्या मोठ्या घरांपैकी ते एक. त्याला लागून धान्याचे कोठार. बाकीची बहुतेक घरे लहान. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम बाजूला, असे ढवळीकरांनी नोंदवले आहे. त्यांचे मत असे, की ते मोठे घर गावच्या प्रमुखाचे असावे.

मानवी अवशेषांची ही माहिती मुलांना सांगताना आम्ही आधी मिनिटभर शांत उभे राहायला सांगतो. तो कुणाचा तरी बाप होता, तमाशाची वस्तू नव्हे.

हे ऐकून सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, कारागीर कडेला राहायचे म्हणजे गावकुसाबाहेर का?" तिथे असलेल्या एका पालकाने लगेच सांगितले, "हो, तेव्हापासूनच हे चालू आहे." आम्ही त्या पालकांना नम्रपणे थांबवले, आणि मुलीला म्हणालो, तू फार मोठा प्रश्न विचारलास, आपण तो खापराला विचारू.

खापर काय सांगते? कुणाचे घर मोठे, कुणाचे लहान. कुणाच्या अंगणात कोठार, कुणाच्या नाही. कुणी मध्यभागी, कुणी कडेला. म्हणजे उच्चनीच होते, प्रमुख होता, वाटप होते. एवढे पुरावा सांगतो. पण कडेच्या कुंभाराला पाणवठा बंद होता काय? त्याच्या हाताचे पाणी चालत नव्हते काय? त्याच्या मुलाला कुंभारच व्हावे लागे काय? याबद्दल मडके काही बोलत नाही. पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबले पाहिजे.

आणि इथे परमपूज्य बाबासाहेबांची आठवण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यता केव्हा जन्मली याचा शोध घेतला, आणि साधारण इ. स. ४०० च्या सुमारास तिचा जन्म झाला असे मत मांडले. पुरावा तुटक असेल तिथे इतिहासकाराला दुवे तर्काने जोडावे लागतात, हेही त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या तारखेवर विद्वान वाद घालोत. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की बाबासाहेबांनी अस्पृश्यतेला जन्मतारीख दिली. 'हे अनादी काळापासून आहे' हे वाक्य खरे म्हणजे जुलमाच्या सोयीचे आहे. जे अनादी, ते कोण बदलणार? पण ज्याला सुरुवात आहे ते माणसाने सुरू केले, आणि माणसाने सुरू केलेले माणूस संपवू शकतो. म्हणून आमच्या त्या पालक बंधूंचे उत्तर, रागातून आलेले असले तरी, आपल्याच हिताचे नव्हते. मुलीचा प्रश्न मात्र सोन्याचा होता.

सापडवणाऱ्याचे नाव

दुसरे एक उदाहरण दायमाबादचे. प्रवरेकाठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात हे ठिकाण आहे. तिथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. बैलांची जोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक म्हैस. मिळून वजन साठ किलोच्या वर! भारतातल्या प्राचीन धातुकामात यांना तोड नाही असे जाणकार म्हणतात. नंतर १९७५ ते ७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे मोठे उत्खनन केले.

या वस्तूंचा काळ कोणता यावर अभ्यासकांत एकमत नाही. कारण त्या शास्त्रशुद्ध खोदकामात थराथराने मिळालेल्या नाहीत, आणि त्यांच्या धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहून काहींनी शंका काढली. आमच्या पेटीत थर मोडणाऱ्या मुलाला हे चटकन कळते. वस्तू कुठे आणि कशासोबत पडली होती, ते गेले की अर्धा इतिहास गेला.

पण आम्ही मुलांना आणखी एक गोष्ट दाखवतो. काचेवरच्या पाटीवर वस्तूचे नाव असते, काळ असतो, खणणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव पुस्तकात असते. ज्या मजुरांनी उन्हात कुदळ मारली, ज्यांच्या हाताला मातीचा बदललेला पोत पहिल्यांदा कळला, त्यांची नावे मुखपृष्ठावर नसतात. गिरणीच्या कापडावर गिरणीचा शिक्का असायचा, विणणाऱ्याचा नाही, तसेच हे. तेव्हा पाटी वाचताना मुलांनी विचारावे : हे बनवले कुणी, सापडवले कुणी, आणि पाटी लिहिली कुणी?

हा तिसरा प्रश्न आपल्या जवळच्याच ठिकाणी शिकता येतो. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारचे म्युझियम १८७२ साली लोकांसाठी उघडले आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. तिथे निरनिराळ्या जातीधंद्यांच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. कारागिरी सुरेख. पण इंग्रजी अमदानीत माणसांना जातवार, धंदेवार मांडून पाहण्याची जी नजर होती, ती तिथे दिसते. याच्या उलट भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात, श्यामला टेकडीवर उघड्या आभाळाखाली, आदिवासी माणसांनी स्वतः येऊन आपल्या पद्धतीची घरे बांधली. त्याच आवारात प्राचीन चित्रे असलेले शैलाश्रयही आहेत. एकीकडे दुसऱ्याने मांडलेला माणूस, दुसरीकडे स्वतःचे घर स्वतः उभारणारा माणूस. मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, दाखवावा लागतो.

हक्क सांगताना सावध

आपल्यातली काही उत्साही मंडळी म्हणतात, "इनामगावचे लोक म्हणजे आपलेच पूर्वज, खरे मूलनिवासी." दुसरीकडे कुणी त्यांना आर्य ठरवते. आमचे स्पष्ट मत असे, की मडक्याला जात नसते आणि टकळीला भाषा नसते. इनामगाव ओस पडले ते तथागतांच्या जन्माआधी, तेव्हा त्या लोकांना बौद्ध म्हणणेही चूक. ती माणसे कोणती भाषा बोलत हे खापर सांगत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत पुराव्याने तपासला आणि नाकारला. तो सिद्धांत आपल्या बाजूच्या प्रचाराला सोयीचा आहे की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. तथागतांचा उपदेशही हाच, की परंपरेने आले, गुरूने सांगितले, एवढ्यावरून मानू नका, तपासून घ्या. मग आपल्या मुलांना आपण पुराव्याशिवायचा अभिमान का शिकवावा? खोट्या पायावरचा अभिमान पहिल्याच वादात कोसळतो.

मग आपला त्यांच्याशी संबंध काय? संबंध हाताचा आहे. पाट खणणारे हात, मडके भाजणारे हात, सूत कातणारे हात. पाऊस कमी होत गेला, तशी शेवटच्या काळात इनामगावची मोठी चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या, लोक जनावरांमागे भटकू लागले, आणि अखेर गाव सुटले, असे अभ्यासक सांगतात. दुष्काळाने गाव सोडून मुंबईची वाट धरलेल्या आपल्या घराण्यांना हे वेगळे शिकवायला नको.

पालकांना विनंती

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. एक, सहलीआधी निदान दोन रविवार मुलांची तयारी करा. पेटीचा खेळ कुठल्याही विहारात होतो, खर्च नाममात्र आहे. दोन, एका भेटीत सगळे म्युझियम दाखवण्याचा हट्ट धरू नका. एका मुलाला एक वस्तू पुरे. तीन, जुन्या जागेवरून खापर, मणी काही उचलून आणू देऊ नका. संरक्षित जागेवरून वस्तू नेणे गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेली वस्तू मुकी होते हे मुलांना कळले पाहिजे. खेळासाठी खापऱ्या हव्या असतील तर घरातले फुटलेले मडके आहेच. चार, संग्रहालयाला आधी पत्र पाठवून वेळ घ्या, आणि वर्गाच्या भेटीला कुणी जाणकार माहिती देईल का ते विचारा. पाच, आई-आजींना सोबत न्या. जाते, पाटा, उखळ, रांजण यांबद्दल त्या जे सांगतील ते पाटीवर लिहिलेले नसते.

आणि एक मागणे घराघरांकडे. माळ्यावर पडलेली बॉबिन, गिरणीचा बिल्ला, आजीची पाटी, जुने जाते, मोर्चाची पावती भंगारवाल्याला देण्याआधी विहारात दाखवा. कुणाची, कुठून आली, केव्हा वापरली, एवढे मुलांकडून वहीत लिहून घ्या. इनामगावच्या माणसांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांना आपण तीन हजार वर्षांनी खापरातून विचारतो आहोत. आपल्याला तर बाबासाहेबांनी लेखणी दिली आहे. येत्या पावसाळ्यानंतर पुढची तुकडी पुण्याला निघेल. नावे रविवारच्या वर्गात द्यावीत.

नमो बुद्धाय. जयभीम.